मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाची स्कूटर

कोराडिनो दास्कानियो या इटालियन इंजिनिअरांना मोटरसायकल आवडत नसे. ती त्यांना अवजड वाटे. तिच्यावर टांग टाकून चढणं नको वाटे. चाक पंक्चर झालं की रस्त्यात बसून करावी लागणारी खटपट नको वाटे. आणि साखळीचं काळं ग्रीस पँटच्या पायाला लागतं, याचा तर त्यांना मनापासून तिटकारा होता. 1945 साली याच माणसाकडे दुचाकी काढून देण्याचं काम आलं आणि त्यातून व्हेस्पा जन्माला आली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. लहानपणापासून पाहत आलेल्या एका आकाराचा त्या वाक्यात उलगडा झाला. व्हेस्पाचं प्रत्येक वळण म्हणजे दास्कानियोंच्या एकेका तक्रारीचं निवारण आहे, आणि तिची गोष्ट तशीच सांगायला हवी असं मला वाटतं.

दास्कानियो मुळात आकाशातले. जन्म 1891 चा, आब्रुत्सो भागातल्या पोपोली गावचा. हेलिकॉप्टर हे त्यांचं खरं वेड. एकाच दांड्यावर एकावर एक बसवलेले आणि उलटसुलट दिशांना फिरणारे दोन पंखे, असं यंत्र त्यांनी पिएत्रो त्रोयानी या उमरावाच्या मदतीने उभं केलं. ऑक्टोबर 1930 मध्ये रोमजवळच्या चांपिनो विमानतळावर ते 18 मीटर उंच गेलं, पावणेनऊ मिनिटं हवेत राहिलं आणि एक किलोमीटरहून थोडं अधिक अंतर सरळ उडालं. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण त्या वेळी ते जागतिक विक्रम होते. पैसा मात्र आटला. दास्कानियो पियाजियो कंपनीत विमानांच्या पंख्यांचं काम करू लागले.

पियाजियोची सुरुवात 1884 ची, जेनोवाजवळची. आधी जहाजांच्या आतलं लाकूडकाम आणि सजावट, मग रेल्वेचे डबे, मग विमानं. पिसा आणि फ्लोरेन्सच्या मध्ये पॉन्तेदेरा नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात पी. 108 हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान तयार होई. साहजिकच शत्रूच्या यादीत हा कारखाना वरच्या क्रमांकावर होता. 1943 साली मित्रराष्ट्रांच्या विमानांनी तो फोडला, आणि जे उरलं होतं त्याची वाट माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने लावली. युद्ध संपलं तेव्हा संस्थापकाचा मुलगा एन्रिको पियाजियो याच्यापुढे एक पडका कारखाना होता, हजारो बेकार कामगार होते, आणि विमानं बनवायला बंदी होती. देशाचे रस्ते उखडलेले, पेट्रोल महाग आणि लोकांच्या खिशात काही नाही. मोटार परवडणारा माणूस हजारात एखादा. कामावर, बाजारात, कचेरीत जायला काहीतरी स्वस्त आणि चालवायला सोपं हवं होतं.

पहिला प्रयत्न दास्कानियोंचा नव्हता. युद्धाच्या शेवटी कंपनीची काही माणसं उत्तरेकडे बिएल्ला इथे हलवली होती. तिथल्या इंजिनिअरांनी एमपी 5 नावाची छोटी दुचाकी तयार केली. चाकं बारकी, इंजिन झाकलेलं. कामगारांनी तिला ‘पापेरिनो’ म्हणायला सुरुवात केली. डोनाल्ड डकचं इटालियन नाव ते. पण इंजिन अजून मधेच होतं, त्यामुळे दोन पायांच्या मधून उंच बोगद्यासारखा पत्रा गेलेला होता. बसायचं तर टांग टाकणं चुकत नव्हतं. एन्रिकोला ती पटली नाही. त्याने दास्कानियोंना बोलावलं आणि नव्याने विचार करायला सांगितलं.

दास्कानियोंनी इंजिन मधून उचललं आणि मागच्या चाकाच्या शेजारी, उजव्या अंगाला नेऊन ठेवलं. या एका निर्णयापाशी मी नेहमी थबकतो, कारण पुढचं सगळं त्यातून ओघाने येतं. इंजिन मागे गेलं म्हणून मधली जागा मोकळी झाली. मधली जागा मोकळी झाली म्हणून खुर्चीवर बसावं तसं सरळ बसता आलं, पाय जुळवून पुढे ठेवता आले. इंजिन चाकालाच खेटल्यामुळे गियरपेटी थेट चाकाला जोडता आली आणि साखळी कायमची गेली. इंजिनावर झाकण आलं आणि ऑइलचे शिंतोडे बंद झाले. पुढे गुडघ्यांसमोर रुंद पत्रा उभा केला, त्यामुळे चिखल आणि वारा दोन्ही अडले.

गियर त्यांनी डाव्या मुठीत आणला. क्लच दाबायचा आणि मूठच फिरवायची. मोटरसायकलचा गियर बदलताना बुटाचं टोक घासून जातं, तेही वाचलं, आणि रस्त्यावरची नजर हलायचं कारण उरलं नाही. पुढचं चाक दोन बाजूंनी चिमटीत धरणारा नेहमीचा काटा त्यांनी टाकून दिला. त्याऐवजी विमानाच्या चाकाला असतो तसा एकाच बाजूचा दणकट हात दिला. चाक दुसऱ्या बाजूने मोकळं राहिलं, म्हणजे मोटारीसारखं नट सोडून काढायचं आणि दुसरं लावायचं. पुढचं मागे चालतं, मागचं पुढे. रिमही दोन अर्ध्या बशा एकमेकींना बोल्टांनी जोडाव्यात तशी. त्या सुटल्या की टायर हातात येतो, पहारीने उचकटायची गरज नाही. पंक्चरवर वैतागलेल्या माणसाने किती बारकाईने सूड उगवला आहे पहा.

आणि सांगाडा? तो नाहीच. मोटरसायकल तोवर नळ्यांचा सांगाडा करून त्यावर बाकीचे भाग टांगून बनत असे. पॉन्तेदेराचे लोक विमानवाले, पातळ पत्र्याला बाक देऊन तो ताकदवान कसा करायचा हे त्यांच्या हातात मुरलेलं. त्यांनी दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे एकमेकांना जोडून एकच पोकळ अंग तयार केलं. अंगावरचा पत्रा हाच सांगाडा. व्हेस्पाला बोटाने टिचकी मारली की जो पोकळ आवाज येतो, तो त्या रचनेचाच.

नमुना एन्रिकोसमोर आला तेव्हा रुंद पार्श्वभाग, बारीक कंबर आणि इंजिनाची गुणगुण पाहून तो म्हणाला, ही तर गांधीलमाशी दिसते, असं सांगतात. इटालियनमध्ये गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात, नाव तेच राहिलं. 23 एप्रिल 1946 रोजी फ्लोरेन्समध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यातलं वर्णन मला फार आवडतं. ‘अवयव आणि घटक यांची तर्कशुद्ध जुळणी असलेली, चौकट मडगार्डांशी एकजीव केलेली आणि सगळा यांत्रिक भाग झाकणारं आवरण असलेली मोटरसायकल’, असा त्याचा अर्थ. सौंदर्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तर्कशुद्ध जुळणी, बस्स. आज तिच्या चित्रांचे पेले, टी-शर्ट आणि भिंतीवरची पोस्टरं विकली जातात, तिच्याकडे निव्वळ गोडपणा म्हणून पाहिलं जातं. त्या लोकांनी हे एक वाक्य जरूर वाचावं.

पहिली व्हेस्पा 98 सीसीची होती. सव्वातीन अश्वशक्तीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गियर, ताशी साठ किलोमीटर. साधी 55,000 लिरांना, जरा सजवलेली 61,000 ला. कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही रक्कम. मोटरसायकलच्या धंद्यातल्या लोकांना या पत्र्याच्या खेळण्यावर भरवसा नव्हता, म्हणून सुरुवातीला ती लान्चिया मोटारींच्या विक्रेत्यांकरवी विकली गेली. पहिल्या पन्नासेक गाड्या खपता खपेनात. मग हप्त्याने पैसे भरायची सोय झाली आणि वारं फिरलं. 1946 मध्ये 2,484 गाड्या झाल्या, 1947 मध्ये 10,535. दहा वर्षांत, 1956 साली, दहा लाखावी व्हेस्पा कारखान्यातून बाहेर पडली.

आकड्यांपेक्षा ती कोण कोण चालवू लागलं हे मला महत्त्वाचं वाटतं. झग्यातल्या बायका चालवू लागल्या. पायघोळ झगा घातलेले पाद्री चालवू लागले. कचेरीच्या कपड्यांत, इस्त्री न मोडता, लोक कामावर जाऊ लागले. मोटरसायकल चालवायला वेगळे कपडे, वेगळी ताकद आणि एका तऱ्हेची मर्दानी ऐट लागे. मधली जागा रिकामी केल्याने या तिन्ही अटी एकदम गळून पडल्या. रिकाम्या जागेने एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला यंत्रांच्या जगात चटकन आठवत नाही.

नंतरच्या सुधारणांचा पाढा मी वाचणार नाही. 1948 च्या 125 सीसी गाडीला मागे स्प्रिंग आली, तोवर मागचा रस्ता थेट कमरेला कळत होता. गियर आधी लांब सळ्यांनी बदलत, 1951 पासून त्यांच्या जागी केबल आली. पहिल्या गाड्यांचा दिवा पुढच्या मडगार्डवर बसलेला असे. संग्राहक आज त्याच गाड्यांसाठी वाटेल ते पैसे मोजतात, पण मला तो दिवा चुकीच्या जागी वाटतो. तो हँडलवर आला तेव्हा गाडीला चेहरा मिळाला. 1955 ची 150 जीएस ही माझ्या मते सगळ्यांत जमून आलेली व्हेस्पा. चार गियर, दहा इंची चाकं, ताशी शंभरचा वेग आणि कुठेही एक रेघ जास्त नाही. 1963 साली चाळीस-पन्नासच्या दशकातला हा सगळा अनुभव पन्नास सीसीच्या एका लहान गाडीत उतरला, आणि दास्कानियोंनी काढलेली ती शेवटची व्हेस्पा.

त्यानंतर ते पुन्हा आपल्या पहिल्या प्रेमाकडे गेले. 1964 मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या वयात, ते आगुस्ता या हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीत दाखल झाले आणि शिकाऊ वैमानिकांसाठी एका लहान हेलिकॉप्टरवर काम करू लागले. 1981 साली पिसा इथे ते वारले. स्कूटरने आपलं हेलिकॉप्टर झाकोळलं, लोक आपल्याला भलत्याच गोष्टीसाठी ओळखतात, ही खंत त्यांना होती. मला त्यांचं दुःख समजतं. तरी वाटतं, ते आयुष्यभर मोटरसायकलीच काढत असते तर ही गाडी त्यांच्या हातून झाली नसती. धंद्यात मुरलेल्या माणसाला साखळी दिसतच नाही, ती असायचीच म्हणून असते.

व्हेस्पाबद्दल लिहून लॅम्ब्रेटाला वगळणं अन्यायाचं होईल. मिलानच्या लाम्ब्राते भागात फर्दिनान्दो इनोचेंती यांचा कारखाना होता. पोलादी नळ्या हा त्यांचा धंदा, इमारतींच्या परांच्या त्यांच्या नळ्यांनी बांधल्या जात. त्यांचाही कारखाना युद्धात बसला आणि त्यांनीही स्कूटरच करायचं ठरवलं. चेझारे पालाविचिनो आणि पिएर लुइजी तोर्रे हे त्यांचे दोन इंजिनिअरही विमानांच्या दुनियेतले. पण घरात नळ्या, म्हणून लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा. 1947 च्या पहिल्या मॉडेलला तर अंगावर आवरणच नव्हतं, इंजिन उघडं दिसे. इंजिन मध्यावर ठेवल्यामुळे तिचा तोल व्हेस्पापेक्षा बरा होता, ही गोष्ट कट्टर व्हेस्पावाल्यांनीही मान्य करायला हवी. 1950 पासून झाकलेली लॅम्ब्रेटा मिळू लागली, आणि 1969 चं शेवटचं मॉडेल बेर्तोने या नामांकित डिझाइन कंपनीने घडवलं. पण तोवर इटलीत लोकांना छोटी फियाट परवडू लागली होती. 1971 च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि यंत्रसामग्री भारत सरकारच्या कंपनीने विकत घेऊन लखनौला नेली. तिथून विजय सुपर निघाली. आपल्या भांडुपला तर त्याआधीपासून, पन्नासच्या दशकापासून, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार होत होती. नंतर तीच ‘लॅम्बी’ झाली.

व्हेस्पा महाराष्ट्रात आली ती बजाजच्या हातून. आधी बच्छराज ट्रेडिंग ही त्यांची कंपनी ती आयात करी. 1959 मध्ये दुचाकी आणि तीनचाकी बनवायचा परवाना मिळाला आणि पुढे आकुर्डीला कारखाना उभा राहिला. तीनचाकी म्हणजे पियाजियोची 1948 ची ‘आपे’, तीही दास्कानियोंचीच. रिक्षावाला डाव्या मुठीत गियर फिरवतो तो तिथून आलेला. 1971 मध्ये पियाजियोशी करार संपला. पुढच्याच वर्षी चेतक आली, नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं आणि अंग इटालियन. मग साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला आणि तिथे प्रिया बनू लागली. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायचा तो काळ.

आमच्याकडे प्रियाच होती. वडील शाळामास्तर. मी पुढच्या मोकळ्या जागेत उभा, हँडलच्या मधोमध धरलेले हात, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली. मी नसलो की त्या जागेत गॅसचा सिलिंडर उभा राही, कधी दळणाचा डबा. आजोबांचे एक स्नेही धोतर नेसून बजाज चालवत, आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटत नसे. इटलीतल्या पाद्र्याच्या झग्यासाठी मोकळी झालेली जागा साताऱ्यात धोतराला आणि सिलिंडरला उपयोगी पडत होती. थंडीत सकाळी गाडी सुरू होत नसली की वडील ती कलती करत, क्षणभर तशीच धरत, मग सरळ करून किक मारत.

एकदा पिस्टन-रिंग गेल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले, “सर, इंजिन खाली घ्यायला लागतंय. पोराला बघू द्या, काय लांबत नाही काम.” त्यांनी उजवं झाकण काढलं, क्लचची, गियरची आणि ब्रेकची केबल सोडली, पेट्रोलची नळी काढली. मग शॉकअपचा खालचा बोल्ट. शेवटी इंजिनाच्या पुढच्या टोकातून आडवा गेलेला एक लांबलचक बोल्ट हातोडीने हलकेच ठोकत बाहेर काढला. मला वाटलं आता इंजिन उचलणार. त्यांनी ते उचललं नाही. ते मागे गेले, दोन्ही हातांनी स्कूटरचं अंग धरलं आणि तेच वर उचलून बाजूला नेलं. इंजिन, गियरपेटी आणि चाक एकत्र जमिनीवर उभं राहिलं. इतक्या वर्षांत मी किती वेळा त्या गाडीवर बसलो होतो, पण ती कशी बनली आहे हे मला त्या क्षणी कळलं. एक पोकळ पत्र्याचं अंग, आणि त्याला एका बोल्टाने बिजागरीसारखं जोडलेलं इंजिन-चाक. यापलीकडे तीत काही नव्हतं.

तिचे दोषही त्याच रचनेतून आले होते, ते लपवायचं कारण नाही. इंजिन एका अंगाला, त्यामुळे भार उजवीकडे ओढतो. बारकी चाकं खड्ड्यात धाडकन जातात, आणि पावसात करकचून ब्रेक मारला तर मागचं चाक सरकतं. सरावलेल्या माणसाला हे सगळं अंगवळणी पडे. नव्याला पहिले काही दिवस भीती वाटे, आणि ती रास्त होती. टू-स्ट्रोकचा धूर तर कुणीच समर्थन करू नये असा. 2006 च्या सुमारास चेतक बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत मी होतो, पण त्या धुरासाठी नव्हतो.

2012 मध्ये पियाजियोने स्वतः बारामतीला कारखाना काढून व्हेस्पा बनवायला घेतली. इंजिन आता फोर-स्ट्रोक, हातातला गियर गेलेला, पण अंग तेच, पोलादी पत्र्याचं. बजाजनेही 2020 मध्ये चेतक पुन्हा आणली, विजेवर चालणारी. तिला ना पिस्टन ना पेट्रोल, तरी पत्रा पोलादी आणि पुढच्या चाकाला हात एकाच बाजूचा. हे निव्वळ जुन्या आठवणींवर धंदा करणं आहे, असं माझा एक मित्र म्हणतो. एका बाजूच्या हाताबद्दल त्याचं खरं असेलही, कारण चाक बदलून स्टेपनी लावायचे दिवस आता गेले. पण मोकळ्या जागेबद्दल मला ते मान्य नाही. बॅटरी मध्येच ठेवून अंग भरून टाकणं सोपं होतं, आणि विजेच्या मोटरसायकली तेच करतात. स्कूटर करणाऱ्यांनी ती जागा सोडली, कारण ती लागते. आमच्या गल्लीत रोज सकाळी दुधाचे क्रेट त्याच जागेत येतात, आणि दुपारी औषधांची खोकी.